घाटावर लाँच थांबवणारी बाई

भोंगा हे काही कोणाचं नाव नसतं, पण त्या गावात एका बाईला सगळे त्याच नावाने ओळखत. तोंडावर काकू, पाठीमागे भोंगा. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि त्याचं तिला काडीचंही वाटत नसे. नदीच्या वळणावर लाँचचं नाक दिसलं की ती घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून अशी हाक घाली की पलीकडच्या काठावरची वटवाघळंसुद्धा झाडं सोडून उडत. लाँचला घंटा होती, कर्णा होता. घाटाकडे फक्त ती होती.

कारण त्या घाटावर लाँच मागितल्याशिवाय थांबत नसे. उतरणारं कोणी असेल तर गोष्ट वेगळी, एरवी काठावरून हाक आली तरच लाँच चालवणारा सारंग चाक फिरवी, नाहीतर लाँच नदीच्या मध्यातून सरळ पुढे. आधी सासरे हाक मारायचे, मग नवरा, आणि नवरा गेल्यावर ही. या कामाला ना पगार ना मान. पण गावात औषधं यायची ती लाँचने, बर्फ यायचा तो लाँचने, शाळेचे मास्तर यायचे तेही लाँचने. आणि तिच्या चार खोल्यांच्या लॉजवर कोणी चुकूनमाकून प्रवासी यायचा, तोसुद्धा.

गाव म्हणजे काठाने गेलेला एकच रस्ता, त्यावर खांबांवर उभी केलेली लाकडी घरं आणि मागे लगेच जंगल. जंगल असं की वर्षभर पाऊस, आणि पाऊस नसेल तेव्हा पानांवरून गळणारं पाणी. मिठाचं पाणी होई, काड्यापेटी डब्यात ठेवली तरी पेटत नसे, दारं फुगून बसत आणि उघडायला खांदा लावावा लागे. अशा ठिकाणी भोंगाच्या लॉजची एकच ऐट होती, ती म्हणजे कोरडं अंथरूण. एका खोलीत तिने फळ्यांचं मोठं कपाट करून घेतलं होतं, त्यात खाली बल्ब जळत आणि वर चादरी टांगलेल्या असत. गाद्यांवरून ती रोज संध्याकाळी कोळशाची इस्त्री फिरवी. वीज गेली तर बल्बांच्या जागी निखाऱ्यांची शेगडी. गावातले लोक हसायचे, म्हणायचे, नदीकाठी राहून ही बाई पाण्याशी वैर धरते. हसू देत. ओल्या गादीवर झोपून बघा एकदा, मग हसा.

त्या मोसमात तिच्याकडे एकच पाहुणी आली. साठीच्या आसपासची, निवृत्त नर्स, पाठीवर पिशवी आणि सोबत कोणी नाही. मुलं म्हणाली होती, "आई, या वयात एकटीने जंगलात कशाला?" त्यावर ही म्हणाली होती, "मग कुठल्या वयात?" आणि निघाली होती. हे तिने पहिल्याच चहाला सांगितलं आणि भोंगा तिथल्या तिथे तिच्या प्रेमात पडली.

नर्सबाईंनी दुसऱ्याच दिवशी नवख्यांनी करायची चूक केली. कापडी बूट खाटेखाली ठेवले. त्यांची आठवण झाली तोवर त्यांवर हिरवी बुरशी चढली होती, चांगली मखमलीसारखी.

"ताई, इथे जमिनीवर फक्त पाय ठेवायचे," भोंगा म्हणाली. "बाकी सगळं टांगायचं. माणूस जास्त वेळ बसला तर त्यालासुद्धा टांगतो आम्ही."

नर्सबाई हसल्या, बूट चुलीवर टांगले आणि अनवाणी गाव बघत फिरल्या. बघण्यासारखं काय आहे, हे गावाला कधी कळलं नव्हतं. त्यांना मात्र सगळंच बघायचं होतं. जाळी विणणारा, लाकूड चिरायचा कारखाना, एका वर्गाची शाळा, रस्त्यावर बसलेले पंज्याएवढे बेडूक. संध्याकाळी येऊन त्या कोरड्या चादरीवर पडत आणि म्हणत, "काकू, असं अंथरूण मला आयुष्यात कोणी घालून दिलं नाही." दुसऱ्या दिवशी चादरीवरून भोंगाची इस्त्री एकदा जास्त फिरे.

बातमी घेऊन आला तो धाकटा दीर. हा माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढे त्याच्यावर राग येईल. नदीच्या वरच्या अंगाला शहरातल्या लोकांनी मोठं हॉटेल बांधलं होतं आणि हा त्यांच्याकडे कामाला लागला होता. इस्त्रीचा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो आला, उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, "वहिनी, सोमवारपासून लाँच इथे थांबणार नाही."

"का? तिला काय झालं?"

"तिला काय होणार? वर हॉटेलने सिमेंटचा धक्का बांधलाय. आता तिथेच थांबायचं असं ठरलंय. इथे चढतं कोण, उतरतं कोण?"

"या ताई उतरल्या की."

दिराने नर्सबाईंकडे बघून मान लववली आणि आवाज खाली आणला. "मी तुमच्यासाठी बोलून ठेवलंय. हॉटेलात चादरी-टॉवेल बघायचं काम आहे. राहायला खोली, दोन गणवेश. तिथे मशीन आहे वाळवायचं, तुम्हाला इस्त्रीसुद्धा धरायला नको. दादा असता तर तोही हेच म्हणाला असता."

"तुझा दादा काय म्हणाला असता ते मला नको सांगू," भोंगा म्हणाली. "आणि गावाचं काय? बर्फ, औषधं, मास्तर?"

"माझी मोटरबोट आहे. आणेन मी आठवड्यातून एकदा."

"म्हणजे आता गावाने तुझ्या ओंजळीने पाणी प्यायचं."

"वहिनी, पाण्यात राहून माशाशी वैर करू नका. मी घरचा म्हणून सांगतोय."

"घरचा आहेस म्हणून आत घेतलं. सुरी सोन्याची आहे म्हणून कोणी पोटात खुपसून घेत नाही, बाबा. चहा घे आणि जा."

त्याने चहा घेतला नाही.

सोमवारी सगळं गाव काही ना काही कामाने घाटावर होतं. उघडपणे कोणी बघायला आलं नव्हतं. कोणी जाळं धूत होतं, कोणी उगीच दोर सोडून पुन्हा बांधत होतं. लाँच वळणावर आली आणि भोंगाने हाक घातली. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा तिचा आवाज चिरकला. चाकावरचा सारंग तिच्या ओळखीचा, लहानपणी तिच्याच अंगणात जेवलेला. तो मानेला बांबू बांधल्यासारखा समोर बघत राहिला. लाँच गेली. तिच्या लाटा घाटाच्या पायऱ्यांवर येऊन आदळल्या आणि त्यात भोंगाचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले.

मग गावाने काय केलं? गावं करतात तेच. कोणी म्हणालं, चालायचंच. कोणी म्हणालं, दिराचं ऐकलं असतं तर. एकाने तर हॉटेलात माळ्याची जागा आहे का, याची तिथेच चौकशी सुरू केली. भोंगा सरळ घरी गेली आणि सगळ्या चादरी कपाटातून काढून, घडी मोडून, पुन्हा टांगू लागली. चादरी कोरड्याच होत्या. तिला हातांना काम हवं होतं. लॉज गेलं तर आपण परक्याच्या किल्ल्यांखाली दोन गणवेशांवर जगणार, आणि हा घाट शेवाळ्याखाली जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि त्या चित्राचा तिला इतका संताप आला की रडूसुद्धा आलं नाही.

नर्सबाई दारात उभ्या होत्या. त्यांना दोन दिवसांनी परत जायचं होतं. दिराने निरोप धाडला होता की बाईंना तो मोटरबोटीने वरच्या धक्क्यावर फुकट सोडेल.

"मी त्याच्या बोटीने जाणार नाही," नर्सबाई म्हणाल्या. "तुमची होडी आहे ना? आपण मधोमध जाऊ आणि हात दाखवू. डोळ्यांसमोर होडी असताना थांबणार नाही का?"

"हाताला नाही थांबत. वल्ह्याला थांबतात," भोंगाच्या तोंडून निघून गेलं, आणि ती गप्प झाली.

त्या गप्प बसण्याचा अर्थ नर्सबाईंना काढून घ्यावा लागला, हळूहळू, पट्टी सोडवतात तसा. त्या नदीवर एक नियम होता. होडीत कोणी वल्हं उभं धरलं तर ती संकटाची खूण, आणि ते बघणाऱ्याने, मग तो कोणी का असेना, थांबायचंच. इतर सगळे नियम मोडले तरी हा कोणी मोडत नसे. एकदाच मोडला गेला होता. पुराच्या दिवसांत भोंगाच्या नवऱ्याच्या होडीला भगदाड पडलं. तो वल्हं उभं धरून मध्यात होता आणि ओंडके नेणारा एक मोठा पडाव त्याच्या अंगावरून जावा तसा शेजारून गेला. तिने ते घाटावरून पाहिलं होतं. हाका मारून मारून तिचा घसा फुटला होता. तेव्हापासून कोणी पोरासोरांनी खेळात वल्हं उभं केलं तर ती कानफटात मारायलाही कमी करत नसे.

"म्हणून ते मला करता येणार नाही," ती म्हणाली. "खोटं वल्हं उभं केलं तर उद्या खऱ्याला कोण थांबेल?"

 नर्सबाई म्हणाल्या, "मी खूप वर्षं वॉर्डात काढली, काकू. माणूस रक्त येईपर्यंत थांबतो आणि मग बोलावतो. रक्त यायच्या आधी बोलावलं तर ते खोटं असतं का?"

 जायच्या दिवशी भोंगाने स्वतःच नर्सबाईंची पिशवी उचलली आणि होडीत ठेवली.

घाटावर दीर आला होता. त्याने तिचा हेतू ओळखला आणि त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, वल्हं उभं करणार आहात? तुम्ही? दादा त्यापायी गेला आणि तुम्ही त्याचा खेळ करणार?" आता तो हॉटेलचा माणूस नव्हता, मेलेल्या भावाचा भाऊ होता, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. गावातल्या बायकाही कुजबुजल्या. एक म्हातारा म्हणाला, "काकू, नाही तिथे हात घालू नका."

"सोमवारी तोंडात मूग धरून बसला होतात, आज बरं बोलता येतंय," भोंगा म्हणाली आणि तिने होडी लोटली.

दोघी मध्यात पोहोचल्या. प्रवाह जोराचा होता, होडी जागेवर ठेवायला एक वल्हं सतत मारावं लागत होतं. ते काम नर्सबाईंनी घेतलं, वेडंवाकडं पण नेटाने. वळणावर लाँच दिसली. भोंगा उभी राहिली. दुसरं वल्हं तिने दोन्ही हातांनी धरून डोक्यावर सरळ उभं केलं. त्या क्षणी तिला नवरा आठवला नाही असं नाही. तोच आठवला. तिने वल्हं आणखी उंच केलं.

लाँचचं इंजिन बंद झालं. एवढी मोठी लाँच, पण होडीपासून हाताच्या अंतरावर येऊन मुकाट तरंगत राहिली. कठड्याला माणसांची गर्दी झाली. सारंग धावत पुढे आला, दोर हातात घेऊनच.

"काकू! पाणी भरतंय का? कोणाला लागलंय?"

"नाही. होडी धडधाकट आहे."

"मग वल्हं?"

"या ताईंना जायचंय. आणि घाटावर लाँच थांबत नाही."

सारंगाच्या चेहऱ्यावरची भीती गेली आणि तिथे राग आला. "याच्यासाठी? अहो, माझ्या काळजाचा ठोका चुकला! तुमच्या घरचा माणूस गेलाय या नदीत, तुम्हाला तरी कळायला हवं. मी काय करू? मला वरून सांगितलंय. तिथे थांबायचा मला हुकूम नाही!"

भोंगाने वल्हं खाली घेतलं नाही. आणि ज्या बाईची हाक मैलभर जायची, ती इतकी हळू बोलली की कठड्यावरच्या लोकांना पुढे वाकावं लागलं.

"तो पडाववालासुद्धा मला हेच म्हणाला होता," ती म्हणाली. "मी गेले होते त्याच्या दारात. म्हणाला, बाई, मधे कुठे थांबायचा मला हुकूम नव्हता."

 सारंगाने हातातल्या दोराकडे बघितलं, मग वाकून नर्सबाईंना हात दिला आणि वर घेतलं. मग पिशवी घेतली. नर्सबाई कठडा धरून भोंगाकडे बघत उभ्या राहिल्या.

सारंग चाकाशी गेला, इंजिन सुरू झालं. लाँचचं नाक आधी खालच्या अंगाला वळलं आणि मग, हळूच, काठाकडे.

"अहो, तिकडे कुठे?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "आम्हाला उशीर होतोय!"

"तिकडे गाव आहे," सारंग म्हणाला.

भोंगाच्या लक्षात आलं की घाटावर सगळे तोंड उघडं टाकून उभे आहेत आणि लाँचचा दोर झेलायचं कोणाला सुचणार नाही. ती मटकन खाली बसली, वल्हं पाण्यात घातलं आणि लाँचच्या आधी पोहोचायचं म्हणून जीव खाऊन होडी वल्हवत सुटली.