पुष्पाताईंचा राजीनामा

मैत्रिणींनो, आज फार थकून गेलेय. अकोल्यातल्या आमच्या बालवाडीत सहा वर्षं लेकरं सांभाळणाऱ्या पुष्पाताईंनी सकाळी राजीनामा दिला.

मी विचारलं, "दुसरीकडे जास्त पगार मिळतोय का?"

"नाही, मॅडम. लेकरू वर्गात झोपलं म्हणून काल पालकांसमोर तुमी मले रागावल्या. त्याच्या अंगात कणकण होती. काहून झोपवलं, हे तुमी विचारलंच नाही."

मी माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "महिनाभर येतो, नव्या बाईले शिकवतो. पण तिचं ऐकत जा."

दुपारी बाकीच्या ताईंना बसवून पहिल्यांदाच विचारलं, "तुम्हाला काय अडचणी आहेत?" कुणीच बोललं नाही.

तुमच्याकडची माणसं तुमच्याशी मोकळं बोलतात का? कशानं बोलायला लागली, सांगाल?