दाराशी गाय, उसात वाघरू

मला माझ्याच गाईची भीती वाटत होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं न् मग पुढचं वाचावं. शाळा माझी चौथीपुरती, तीही धड नाही. गोष्ट फिरवून सांगायची कला मला येत नाही.

आमची वस्ती शेळगावच्या शिवारात, गावापासून लांब. घरात दोघंच, मी न् कारभारीण. पोरगा पुण्याला असतो. घराच्या तिन्ही अंगांना ऊस. ऊस लहान असतो तोवर गावातल्या देवळाचा कळस अंगणातनं दिसतो. तो डोक्यावर गेला की काही दिसत नाही, नुसती सळसळ ऐकू येते, आणि घर विहिरीच्या तळाला बसल्यासारखं होतं.

आधीची गाय देशी होती, तांबडी. लहान पोर पोटाखालून गेलं तरी पाय हलवायची नाही. म्हातारपणानं गेली. तिच्या जागी मी जर्सी आणली, पहिलारू म्हणजे पहिल्याच विताची, अंगानं थोराड. घरच्या चहाला न् दह्याला, बाकी कशाला नाही. पोरगा फोनवर म्हणाला, "आबा, दोन माणसांना एवढी गाय? पिशवी मिळती की दुधाची."

"पिशवी दवाखान्यात रक्ताची असती," मी म्हणालो. "दूध कासंतनं येतं."

त्यानं फोन ठेवला. मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. एक दिवस वैरण टाकत होतो. गाईच्या पाठीवर माशी बसली, ती सरकली, आणि गव्हाणीच्या न् तिच्या मधी मी सापडलो. तिच्या मनात काही नव्हतं. पण बरगड्यातनं जो आवाज आला तो मला ऐकू आला. श्वास आत जाईना. ती रवंथ करत उभी, न् मी तिच्या पोटाला हात लावून तिला ढकलतोय, आणि ती हलत नाही. भिंत ढकलल्यासारखं. तेव्हा पहिल्यांदा कळलं, की हे जनावर माझ्या परवानगीनं माझ्याजवळ उभं नाही. त्याला वाटतंय म्हणून उभं आहे.

तिथून पुढं गोठ्यात शिरायला नको वाटायचं. मी दारात उभा राहून उगाच खाकरायचो. गाय वळून बघायची. जनावराला माणसाची भीती समजते, हे खरं आहे. मी पुढं पाऊल टाकायच्या आत ती डोकं हलवायची, आणि मी खुंटीवरची दोरी सारखी करायला आलोय असं दाखवून परत फिरायचो. दाखवायचो कुणाला, तर कुणी नसायचंच.

त्यात हात. उजव्या हाताची मूठ आता पहिल्यासारखी वळत नाही. चहाचा कप निसटतो, विळा निसटतो. दावंही निसटायला लागलं. आमचे वडील सांगायचे, दावं मुठीत धरावं, मनगटाला कधी वेढू नये. मुठीतलं सोडता येतं, वेढलेलं सोडता येत नाही. हे इकडं सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे वेढतात. मी तरुणपणी कधी वेढलं नाही. म्हातारपणी वेढायला लागलो, कारण मूठ राहिली नव्हती, न् गाय हातातनं सुटून गेलेली कुणी बघू नये असं वाटायचं.

कारभारणीनं ओळखलं असावं. ती म्हणाली, "शेळ्या घ्या दोन. दोघांच्या चहाला बास झालं दूध. आन् शेळीनं पायावर पाय दिला तरी कितीसा लागनार?"

"शेळी म्हंजी वाघराला आवतण," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. वाघरू म्हणजे बिबट्या. तो आमच्या भागात आता उसातच राहतो, त्याची पिल्लंही उसातच होतात. पलीकडच्या वस्तीवरनं शेळी गेलेली होती, कुत्रं तर कधी गेलं हेही कळलं नव्हतं. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली होती की उसाच्या कडंला एकट्यानं वाकून काम करू नका, वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं. काम करायचंच तर मोठ्यानं बोलत राहा. मी मान डोलावली होती. दुसऱ्यांना सांगितलंसुद्धा.

"एवढी मोठी गाय हाय म्हनून वाघरू आपल्याकडं येत न्हाय," मी कारभारणीला म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "आन् गाईला खायला कोन आनतं?"

मी ते ऐकलं, पण ऐकलं नाही.

गाईला ओलं गवत लागतं, रोज, मोठा भारा. माझा हात असा, म्हणून गवत तीच कापायची. चहा झाला की विळा घेऊन बांधावर जायची. एका बाजूला आमचा ऊस, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा, मधी बांध. तिकडं ती वाकून कापायची आणि इकडं मी गाईला हौदावर नेऊन पाणी पाजायचो. कामाची अशी वाटणी झाली होती. वाटणी कुणी केली नव्हती.

त्या दिवशी ऊन उतरलं होतं, पण उजेड चांगला होता. मी गाय सोडली, दावं मनगटाला दोनदा वेढलं न् हौदाकडं निघालो. गाय दोन घोट प्याली आणि थांबली. तोंडातनं पाणी गळतंय, कान पुढं, नाकपुड्या मोठ्या. फुरफुरली. मी तिच्या नजरेच्या रोखानं बघितलं.

बांधावर कारभारीण वाकलेली. हिरवं लुगडं, पदर कमरेला खोचलेला. लांबून तिची नुसती पाठ दिसत होती, गवताच्या वर, शेळीएवढी.

तिच्या मागच्या उसाचे शेंडे हलत होते. वारा नव्हता. आमच्या बाजूचा ऊस निवांत उभा होता. शेजाऱ्याच्या उसात मात्र एकच पट्टा हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा. तिच्याकडं सरकत.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि गाय उलटी फिरली.

मनगटाला हिसका बसला तेव्हा वाटलं हात खांद्यातनं गेला. मी तोंडावर पडलो. गाय पळत होती घराकडं, म्हणजे बांधाच्या बरोबर उलट, आणि मी तिच्या मागं चिखलातनं घासत चाललो होतो. दावं सोडायला बोटं हलेनात. वेढा आवळत गेला. मरणाची भीती मला तेव्हा वाटली नाही, हे शप्पथ सांगतो. भीती ही होती की ती तिकडं आहे, आणि मी माझ्याच हातानं बांधून घेऊन तिच्यापासून लांब चाललोय.

"उभी ऱ्हा!" मी ओरडलो. "वाकू नगंस! उभी ऱ्हा गं!"

तोंडात माती गेली. पुन्हा ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

गोठ्याच्या कोपऱ्याला बाभळीचा बुंधा आहे. दावं त्याला अडकलं, गाय गर्रकन फिरली न् थांबली. मी मान वर करून बघितलं. बांधावर कारभारीण ताठ उभी होती, हातात विळा. तिनं मला पडलेलं बघितलं आणि धावत सुटली. उसाकडं तिनं वळूनही बघितलं नाही. बांधापासून घरापर्यंत ती धावत येताना मी तिच्याकडं बघत नव्हतो, तिच्या मागं बघत होतो.

तिनं आधी विळ्यानं दावं कापलं. मग बोलली.

"मनगटाला वेढलंय! ह्या वयात! अक्कल हाय का काय हाय?"

"ऊस," मी म्हणालो.

"काय ऊस?"

"ऊस हलत हुता."

ती वळली. आता शेंडे निवांत होते. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो, ती माझा हात धरून. गाय दूर उभी, कान अजून पुढं. मग तिनं मला घरात नेलं आणि कडी लावली. उजेड असताना आमच्या दाराला कडी कधी लागत नव्हती.

सकाळी मी एकटा बांधावर गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, म्हणूनच गेलो. उजवं मनगट सुजलेलं, म्हणून डाव्या हातात काठी. भारा अर्धवट कापलेला, तसाच पडलेला. त्याच्याजवळ पाटाच्या ओल्या मातीत पंजा उमटला होता. कुत्र्याच्या पंजाला नखं उमटतात. ह्याला नखं नव्हती. भाऱ्यापासून पंजा किती लांब होता ते मी हात पसरून बघितलं. दोन्ही हात पुरते पसरावे लागले नाहीत.

मी तो पायानं पुसून टाकला. ती घाबरायला नको.

घरी आलो तर ती चुलीपुढं बसलेली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पुसला का?"

"काय?"

"तुमी उठायच्या आदी जाऊन आले मी. पंजा पुसून वाघरू जातंय व्हय?"

मी खाली बसलो. माझ्या आधी ती गेली होती, एकटी, तिथंच. त्या क्षणाला जेवढा घाबरलो तेवढा चिखलात घासत जाताना घाबरलो नव्हतो.

कारभारणीचं माहेर वडगाव निंबाळकरला. तिच्या भावाकडं शेळ्या आहेत, दुधाच्या. मी त्याला फोन लावला. आयुष्यात त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं.

"दाजी, गाय देऊन शेळ्या?" तो म्हणाला. "मग खांद्यावर टाकायला धनगराचं घोंगडं बी धाडू का?"

"घोंगडं तुलाच ऱ्हाऊ दे. शेळ्या धाड."

"आवो पर तुमीच म्हनत हुता, शेळी म्हंजी वाघराला..."

"म्हनत हुतो. आता न्हाय म्हनत. तुला शेळ्या द्यायच्या हायत का भाषान द्यायचं हाय?"

शेळीला वाघरू येतं हे मला आजही मान्य आहे. पण शेळीसाठी जाळी करता येते. बांधाला जाळी करता येत नाही. शेळीला शेवरीचा न् सुबाभळीचा पाला चालतो, आणि ती झाडं आमच्या अंगणालाच आहेत. लांब काठीला विळा बांधला की पाला उभ्यानं, वर बघत काढता येतो. तो दाव्याला टांगला की शेळ्या खातात. तिला वाकायला नको, बांधावर जायला नको. एवढाच हिशेब मी केला. बाकी दूध कुणाचं किती, गोड कुठलं, पचायला हलकं कुठलं, ते ज्याला करायचं त्यानं करावं.

शेळ्यांसाठी पडवीला खालपासून वरपर्यंत लोखंडी जाळी मारून घेतली. मेव्हणा टेम्पो घेऊन आला, दोन शेळ्या उतरवल्या न् गाय चढवली. गाय चढताना मी पुढं गेलो नाही.

पहिल्या चहाला मी कप नाकाशी धरून बसलो.

"वास येतोय," म्हणालो.

"वास दुदाला न्हाय," कारभारीण म्हणाली. "तुमच्या नाकाला हाय. प्या."

प्यालो. आता सवय झाली आहे. पाहुणा आला तर दूध कशाचं ते सांगत नाही, आणि त्यानं विचारलं तर लपवत नाही.

भीती मात्र गेली नाही. धार काढायला ती उकिडवी बसते. मांडी घालून बस म्हटलं तर ऐकत नाही. जाळी आहे, दाराला कडी आहे, तरी ती बसली की मला तीच पाठ दिसते, शेळीएवढी. म्हणून धारेच्या वेळी मी जाळीच्या बाहेर उसाकडं तोंड करून काठी घेऊन उभा राहतो आणि मोठ्यानं बोलतो. वाट्टेल ते. निमगाव केतकीच्या बाजारात वांगी काय भावानं होती, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, मेव्हण्याच्या टेम्पोचा आवाज कसा येतो. मला बोलायची सवय नाही. एवढी वर्षं ती बोलायची आणि मी हुंकार द्यायचो.

"एवडं तर लग्न झाल्यापास्नं समदं मिळून बोलला न्हाय," ती म्हणते.

परवा असाच बोलत होतो. मागं शेळ्यांचं चावणं चालू होतं, चरवीत धार वाजत होती. मधीच चावणं थांबलं. दोन्ही शेळ्यांचं एकदम. मी वळून बघितलं. त्या मान वर करून उसाकडं बघत होत्या, कान पुढं. माझा शब्द तोंडातच राहिला. उसात मला काही दिसत नव्हतं.

धार चालूच होती. ती मान वर न करता, हळूच म्हणाली, "थांबला का? बोला की."

मी उसाकडं तोंड केलं आणि बोलायला लागलो.