वाकडी पिवळी रेघ

गेल्या शनिवारी सकाळी सहाला दिघीतून गाडी काढली, तेव्हा मी नुकतीच पप्पांशी खोटं बोलले होते... आणि ते त्यांना कळलंही होतं. त्यांना कळलंय हे मला कळायला मात्र खेडच्या पुढे जावं लागलं.

गाडी म्हणजे पप्पांची मोटरसायकल. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. जुन्या गाड्या चालवणाऱ्यांचा आमच्याकडे एक ग्रुप आहे, दर थंडीत धरणाच्या कडेला तंबू ठोकून एक मुक्काम करतात. यंदा पहिल्यांदाच मी जाणार होते, तेही एकटी. आठवडाभर आधीपासून डोक्यात एकच... ब्रेक लागेल का, चेन तुटेल का, कंटेनरांच्या मध्येच गाडी बंद पडली तर?

पप्पांनी बावीस वर्षं चाकणला कंपनीत लाईनवर नट आवळले. तिथे नट आवळला की त्यावर पिवळ्या पेनाने रेघ मारतात... अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नंतर कोणी नट हलवला की रेघ तुटलेली दिसते. पप्पा घरच्या गाडीलाही तसंच करतात.

मला आकडेसुद्धा त्यांनीच शिकवले, शाळेच्या आधी, पान्यांवरून. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा, एकोणीस. पहिलीत बाईंनी दहानंतर काय येतं विचारलं. मी छातीठोकपणे 'बारा' म्हणाले आणि सगळा वर्ग हसला.

दोन वर्षं झाली, पप्पांचा उजवा हात थरथरतो. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. तरी गुरुवारी दुपारभर बसून त्यांनी सगळी गाडी आवळली, रेघा मारल्या. संध्याकाळी मी बघितलं... सगळ्या रेघा वाकड्या. एक तर नटावरून घसरून पार खाली गेलेली.

मनात आलं, रेघ अशी, तर नट कसा असेल?

शुक्रवारी ऑफिसला जाते सांगून मी गाडी काळेवाडीला नेली. दिघीत दाखवली असती तर पप्पांच्या कानावर गेलं असतं. मेकॅनिकने दोन-चार नटांना पाना लावला आणि हसला. "ताई, सगळं टाइट आहे. कोणी आवळलंय एवढं?"

तिथेच थांबायला हवं होतं... पण माझा जीव कुठला थांबतोय. "चेन तरी बघा ना," मी म्हणाले. तो नको म्हणत होता, मीच हट्ट केला. चेन ताणायची म्हणजे मागचं चाक ज्या लोखंडी चिमट्यात बसतं, त्यावरचा नट ढिला करावा लागतो. तेवढ्यात त्याला फोन आला, फोन खांद्यात धरूनच त्याने काम संपवलं. मी बघत होते आणि तरीही काही बोलले नाही.

शनिवारी पप्पा माझ्याआधी उठलेले. मोबाईलची बॅटरी लावून गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या चाकाशी बराच वेळ उकिडवे बसले.

"गाडी कुठं दाखवली होतीस का?"

"नाही."

ते आत गेले. फडक्यात गुंडाळलेला पाना आणून माझ्या बॅगेत कोंबला. "पप्पा, कशाला एवढं वजन?" मी वैतागून म्हणाले. "राहू दे. थांबशील तिथं मागचं चाक बघ एकदा," एवढंच ते म्हणाले.

मी बघितलं नाही. चाकणच्या चौकात बोटं गारठून क्लच सुटेना. पुढे गाडी मागून हलायला लागली, तर वाटलं रस्ताच खराब आहे.

कॅम्पवर पोहोचले तेव्हा तिथले एक काका चहा पीत माझी गाडी बघायला आले. तेही कंपनीतून रिटायर झालेले, मूळचे चाकणकडच्याच एका गावचे. बघता बघता खाली बसले.

"आगं पोरी, ह्यो नट कुणी खोलला? रेघ बघ की. नटावरची कुठं हाय, चिमट्यावरची कुठं हाय!"

त्यांनी नट दोन बोटांनी फिरवला... फिरला.

"अजून धा किलोमीटर गेली असतीस ना... जाऊ दे. बाकीच्या रेघा जाग्यावर हायत सगळ्या. ज्यानं मारल्यात, त्याचं काम पक्कं हाय बघ. मधी दुसऱ्याचा हात लागलाय." मग त्यांनी हाक मारली, "एकोणीसचा पाना हाय का रं कुणाकडं?"

कोणाकडेच नव्हता. मी बॅगेतलं फडकं सोडलं. एकोणीसचाच होता.

म्हणजे पहाटे त्यांनी तुटलेली रेघ बघितली होती. नट तेव्हा हाताला घट्ट लागला असणार, रस्त्यात सैल होत गेला. मग मला विचारलं होतं. माझं 'नाही' ऐकून घेतलं होतं... आणि पाना दिला होता.

शेकोटी, गाणी, तंबूवर पडलेलं दव... सगळे म्हणाले, काय मस्त ठेवलीय गाडी.

रविवारी परतले. पप्पा खाली उभे. आधी मागच्या चाकाकडे बघितलं. तिथे काकांच्या पेनाने मी नवी रेघ मारली होती.

"पप्पा, मी काळेवाडीला..."

"रेघ सरळ आलीय," ते म्हणाले. "आता तूच बघत जा गाडी." आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

सॉरी म्हणून झालं. "त्यात काय एवढं," म्हणाले. पण त्यानंतर ते गाडीजवळ आलेले नाहीत. पिवळं पेन टीव्हीशेजारी पडलंय. मी दोनदा त्यांच्या हाताशी ठेवलं, दोन्ही वेळा ते जागेवर परत गेलं.

त्यांच्या वाकड्या रेघा अजून गाडीवर आहेत, मी खोलायला लावलेल्या नटावरची सोडली तर एकही तुटलेली नाही. गाडी धुताना तेवढ्या जागी मी फडकं लावत नाही.