कोंडीबाची सुई आणि घोडीचा डावा डोळा

कवठे महांकाळच्या पूर्वेला वीसेक वाड्यांत जनावराच्या डोळ्यावर पडदा दिसला की लोक कोंडीबाकडं यायचे. चाळीस वर्षं. नाकाकडच्या कोपऱ्यातनं जी पांढरट कातडी सरकते, तिच्यात तो दोऱ्याची सुई घालायचा, ओढून धरायचा, वस्तऱ्यानं कापायचा आणि वर हळद दाबायचा. मोबदला एक नारळ. तुकडा दारातल्या बाभळीच्या बुडाशी पुरायचा.

मी त्याच्याशी चारदा भांडलोय. एकदा वस्तरा ओढ्यात फेकला. त्यानं दुसरा आणला.

मी आठवीत शाळा सोडलेला. गुरांच्या दवाखान्याच्या ओट्यावर उभं राहून, डॉक्टरांना विचारून विचारून शिकलो. शिकलेले मला हसतात, बाकीचे ऐकत नाहीत. कोंडीबाही असाच शिकला होता, चुलत्याशेजारी उभं राहून.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या घोडीचा डावा डोळा मिटला. उजव्याचा पडदा त्यानं तीन वर्षांपूर्वी कापलेला. तो डोळा वाळत, चिपडत जाऊन पांढरा झाला होता. मेंढरांमागं बिऱ्हाड वाहणारी ही एकच घोडी. डावाही गेला तर ती घाट उतरणार नव्हती.

त्याच्या बायकोचा, हरणाबाईचा फोन आला. "ये बाबा लवकर. म्हाताऱ्यानं सुईत दोरा घातलाय."

डॉक्टर संयोगिताबाई शेजारच्या गावात लस टोचायला आल्या होत्या. त्यांना गाडीवर मागं बसवून पोचलो.

"आला का पुढारी," कोंडीबा म्हणाला.

"वस्तरा खाली ठेवा."

"तुजी घोडी हाय का रं?"

"उजव्या डोळ्याचं काय झालं?"

हरणाबाईच म्हणाली, "उजव्याचा पडदा बाभळीखाली हाय. काडून बसव म्हणावं."

बाईंनी थेंब टाकून डोळा बधिर केला, चिमट्यानं पडदा हळूच उचलला आणि मागनं कुसळ काढलं. नखाएवढं.

"बाबा, डोळा दुखला की तो आत ओढला जातो, आणि हा पडदा पुढं सरकतो, झाकायला. एरवी गवतात तोंड घातलं की धूळ पुसतो, डोळा ओला ठेवतो. कापला की डोळा वाळतो."

कोंडीबानं कुसळ तळहातावर घेतलं. "म्या कापलं त्या समद्यांचं आसंच हुतं?"

"समद्यांचं न्हाई. लय जणांचं," मी म्हणालो. भांडायचं ठरवून आलो होतो, ते राहून गेलं.

"आपल्याही डोळ्याच्या कोपऱ्यात त्याचा गुलाबी तुकडा उरलाय," बाई म्हणाल्या.

त्यानं हरणाबाईची हनुवटी धरून बघितलं.

"सोड," ती म्हणाली. "आता माजा कापतोस?"

आठवड्यात डोळा उघडला. बिऱ्हाड घाट उतरून गेलं आणि परतही आलं.

परवा गेलो तर दारात शेजारच्या वाडीचा नाथाजी, काखेत नारळ, हातात शेळीची दोरी.

"दवाखान्यात ने," कोंडीबा सांगत होता. "आत कायतरी रुतलं आसंल. कापू नगंस."

"हात थरथराय लागला म्हणा की. ऱ्हाऊ द्या, खालच्या वाडीत कापतोय एकजण." नाथाजी नारळासकट वाटेला लागला.

कोंडीबा उंबऱ्यावर बसून त्याच्या पाठीकडं बघत राहिला. मग उठून टोपी घातली.

"खालच्या वाडीच्या गड्याला मीच शिकिवलंय," तो म्हणाला. "गाडी काड."

सकाळपासनं तीन गावं फिरून माझी कंबर मोडली होती. मी गाडी काढली.