शिलाईखोलीतली जपानी टेस्ट

आमच्या शिलाईखोलीत संध्याकाळी झाडू मारला की गोणीभर चिंध्या निघतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच! किश्श्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कुणी कापत नाही, पण मशीन चालली की खाली काहीतरी पडतंच. चिंध्या निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र माझ्याकडेच साठलेत. त्यातले त्या जपानी टेस्टचे आज सांगते.

आधी खोली सांगायला हवी. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही शाळांचे गणवेश शिवतो. पाच पॉवर मशीन, पाच बाया आणि कापड कापणारे मास्तर. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की कापडाचे बारीक तंतू त्यात तरंगत राहतात. सगळ्या मशीनींचा आवाज एक होतो आणि पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. मला ती वेळ फार आवडते.

पाच मशीन म्हटलं, पण त्या दिवसांत चालत होत्या चारच. खिडकीजवळची पाचवी रेखाची. तिच्यावर फुलाफुलांचं कापड झाकलेलं असायचं.

रेखा करमाडहून रोज येते. तिच्यासारखी कॉलर आमच्यात कुणालाच जमत नाही. थंडीत एकदा तिच्या बोटातून सुई आरपार गेली. बोट महिन्याभरात बरं झालं, पण रेखा काही परत मशीनवर बसली नाही. खाली सतरंजीवर बसून हाताने काज-बटण करायची. का बसत नाही, विचारलं तर म्हणायची, "बसते ना ताई. बसते."

आमच्याकडे एक रीत आहे. दुसरीच्या मशीनवर बसायचं नाही. ती सुट्टीवर असली तर शनिवारी तिच्या मशीनला आपण तेल घालायचं आणि उभ्या-उभ्याच, धागा न ओवता, मिनिटभर चालवायची. रेखाच्या मशीनचं आम्ही असं चार महिने केलं. पण जूनच्या आधी मोठी ऑर्डर द्यायची होती. मास्तरांनी सांगून टाकलं, "महिनाअखेरपर्यंत रेखाबाई बसल्या तर ठीक. नाहीतर मशीन नव्या बाईला." आणि काज-बटण आमचे मालक, शेठ, बाहेरून करून घेणार होते. म्हणजे रेखाला कामच उरणार नव्हतं. तिची मुलगी तेव्हा दहावीत.

*

टेस्ट आणली पूजाने. पूजा आमच्यात सगळ्यात लहान, बावीस वर्षांची. जेवायच्या सुट्टीत मोबाइलवर जपानी कार्टून बघते. कार्टून म्हटलेलं तिला चालत नाही. "ताई, अ‍ॅनिमे म्हणा!"

तेव्हा ती बघायची त्यात डोंगराएवढी माणसाच्या आकाराची यंत्रं होती, आणि ती आत बसून चालवणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं. लढाई थोडी आणि विचारच जास्त. यंत्राची एक अट होती. आत बसणाऱ्याने आपल्याला खरी भीती कशाची वाटते, ते त्याला सांगायचं. खोटं सांगितलं तर यंत्र हलायचंच नाही. बाहेर शत्रू येऊन उभा आणि आत पोरगं गप्प!

सरूताई घास हातात धरून बघत होत्या. त्या सोयगावकडच्या, वयानं आमच्यात मोठ्या. म्हणाल्या, "एवढं थोरलं यंत्र अन् आत लेकरू? त्याच्या मायला इचारलं का कुणी?"

पूजाने मोबाइल थांबवला. "ताई, हा प्रश्न त्यांना शेवटच्या भागात पडतो. तुम्ही पहिल्याच भागात विचारला!"

*

मग पूजाने टेस्ट काढली. त्या सिरीयलमधल्या कुणाचा स्वभाव तुमच्याशी जुळतो, ते सांगणारी. बारा प्रश्न, सगळे इंग्रजीत. पूजा वाचून मराठीत सांगायची. पहिला नंबर सरूताईंचा लागला.

"संकट आलं तर तुम्ही आधी काय करता? लढता, लपता, कुणाला बोलावता, की सगळे आहेत का ते मोजता?"

"मोजते," सरूताई लगेच म्हणाल्या. त्यांच्या माहेरी शेळ्या-मेंढ्या. आजही लाइट गेली की अंधारात पहिला आवाज त्यांचाच येतो. "एक, दोन, तीन..." त्या आम्हाला मोजतात! अलीकडे तर दुपारी चालू मशीनींचे आवाजही मोजायच्या. "चार," म्हणायच्या आणि खिडकीकडे बघायच्या.

टेस्टमध्ये त्या निघाल्या यंत्रांच्या फौजेची सेनापती. ती बाई उंच मनोऱ्यावर उभी राहून कोण परत आलं, कोण नाही, ते बघत असते. पूजाला वाटलं, सरूताई खूश होतील.

सरूताई म्हणाल्या, "म्हंजी तिकडं जाऊन बी राखणच करायची व्हय!"

*

नसरीन आपांनी आधी नको नको म्हटलं आणि मग पूजाच्या हातातला मोबाइलच ओढून घेतला.

"तुमचं यंत्र ऐकत नसेल तर तुम्ही काय करता?" पूजाने आपांच्या खांद्यावरून वाचून विचारलं.

"एक थप्पड, एक बूंद तेल."

"आपा, तसा पर्याय नाहीये."

"तो टेस्ट गलत है. लिख!"

आपा निघाल्या दुश्मन! त्या मुलांशी लढणारी, काळ्या झग्यातली महाराणी. आपांना एवढा आनंद झाला की तो फोटो त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेतला आणि घरी जाऊन नवऱ्याला दाखवला. दुसऱ्या दिवशी आल्या त्या तोंड फुगवूनच.

"काय झालं आपा? काय म्हणाले?"

"बोले, इसके वास्ते टेस्ट कायको दी? मेरे कू पूछ लेती!"

*

मास्तर या सगळ्याला पोरखेळ म्हणायचे. मास्तर म्हणजे एक टाका वाकडा दिसला तर अख्खा शर्ट टेबलावर आपटणारा माणूस. "पोरीबाळींचे खेळ! कामं करा कामं!"

एक दिवस सगळ्या जेवायला बसलो असताना ते पूजाजवळ आले. इकडे तिकडे बघून हळूच विचारलं, "ते... एकदा दिलेली टेस्ट परत देता येते का?"

आम्ही सगळ्या घास चावायच्या थांबलो!

मास्तरांनी घरी गुपचूप टेस्ट दिली होती. निघाली हिरव्या केसांची चौदा वर्षांची मुलगी. ती लढून आल्यावर यंत्राच्या पायाशी बसून एकटीच रडते. त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं. पुन्हा दिली. पुन्हा तीच! पूजाने त्यांना समोर बसवून तिसऱ्यांदा घेतली. हिरवे केस!

आठवडाभर त्यांनी आवाज चढवला की कुणीतरी बॉबिन भरता भरता "हिरवा धागा संपला का गं?" एवढंच म्हणायचं. मास्तर लगेच खालच्या पट्टीत यायचे.

रेखा मात्र हसली नाही. बटणाचा टाका घालता घालता म्हणाली, "तीनदा दिली अन् तीनदा खरं लिहिलं. सोपं नसतं ताई."

*

आता माझं सांगते. मला वाटलं होतं, मी निदान एखाद्या यंत्राची चालक तरी निघेन. दहावीनंतर लग्न झालं, पुढे शिकायचं राहिलं, सायकलपलीकडे मी काही चालवलं नाही. म्हटलं, इथं तरी!

पूजाने ते पान पुन्हा वरपासून वाचलं. "ताई, तुम्ही माणूस नाही निघालात."

"मग?"

"तुम्ही यंत्र निघालात."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण संध्याकाळी क्रांती चौकातून चालत जाताना मला काहीतरी वेगळंच व्हायला लागलं. दिवे नुकतेच लागत होते. रिक्षा, बस, भाजीच्या गाड्या, सगळं हळूहळू लहान झालं. मला वाटलं, माझं डोकं उड्डाणपुलाच्या वर गेलंय. तिथून सगळं शहर दिसतंय, लांबचे डोंगर दिसतायत आणि वारा लागतोय. माझ्या छातीत एक छोटीशी खोली आहे, तिच्यात कुणीतरी मूल बसलंय आणि हळू आवाजात मला काहीतरी खरं सांगतंय. मी एकही पाऊल वाकडं टाकत नव्हते. आतल्याला धक्का लागू नये म्हणून.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मग चहाचं बटण कुठलं?"

मी म्हटलं, "ते बटण तुमच्या बाजूला आहे. उठा!"

आणि उठले की हो!

*

टेस्टचा शेवटचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्याला पर्याय नव्हते, रिकामी चौकट होती. "यंत्रात बसताना तुम्हाला कशाची भीती वाटते?" ते लिहिल्याशिवाय उत्तर मिळत नव्हतं. सरूताईंनी विहीर लिहायला सांगितलं. आपांनी पाल. काळ्या झग्यातली महाराणी आणि पाल! मी काय लिहिलं ते राहू दे.

रेखानेही टेस्ट दिली. अकरा प्रश्नांची उत्तरं तिने बटणं लावता लावता दिली. बाराव्याला थांबली.

"सुई लिहू का गं?" पूजाने विचारलं.

"नाय. सुई नाय."

"मग काय लिहू?"

"नंतर सांगते."

पूजाने ते पान तसंच उघडं ठेवलं. रोज दुपारी ती मोबाइल रेखासमोर धरायची. रिकामी चौकट, आत लुकलुकणारी बारीक रेघ. रेखा बघायची आणि मान हलवायची. नाय.

आम्ही इतके दिवस धरून चाललो होतो की ती सुईला घाबरते. सुईला सगळ्याच घाबरतात. सुई नाही तर मग काय, ते पुन्हा विचारायचा धीर आम्हाला झाला नाही.

*

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. सोमवारपासून नवी बाई यायची होती. तेल घालायची पाळी माझी होती. जेवण झाल्यावर मी तेलाची कुपी घेऊन खिडकीशी गेले. फुलाफुलांच्या कापडाला हात घालणार, तेवढ्यात मागून रेखा म्हणाली, "द्या ताई. मी घालते."

मी कुपी तिच्या हातात दिली आणि माझ्या जागेवर येऊन बसले.

तिने कापड काढलं, त्याची घडी केली. तेल घातलं. मास्तर टेबलावर मापाचा खाकी कागद कापत होते. त्यातला एक तुकडा तिने उचलला, त्यांच्या कानावरची पेन्सिलही मागून घेतली. मग खुर्चीवर बसली. चार महिन्यांनी बसली! आणि मांडीवर कागद धरून लिहायला लागली.

कुणी कुणाला खूण केली नव्हती. पण आम्ही चौघींनीही आपापल्या मशीन एकदमच चालू केल्या आणि माना खाली घातल्या. खिडकीतून ऊन आलेलं होतं. तंतू तरंगत होते. मी एकच बाही दोनदा शिवली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. आधी अडखळत, मग सलग. रेखाची मशीन जराशी घुमते, आम्ही ती कुठेही ओळखू.

"पाच," सरूताई म्हणाल्या. मान वर केली नाही.

संध्याकाळी मास्तर नेहमीसारखे माल तपासायला बसले. रेखाचा एकच शर्ट झाला होता. कॉलर बघितली, मान डोलावली. बाह्या बघितल्या. मग त्यांचा हात खिशावर थांबला.

खिसा चारी बाजूंनी शिवलेला होता. वरचं तोंडही बंद. दुहेरी टाका घातलेला, एकदम सरळ.

मास्तरांनी खिसा चिमटीत धरून दाबला. आत कागद वाजला.

आता शर्ट टेबलावर आपटणार, असं आम्हाला वाटलं. मास्तरांनी शिलाई उसवायचा कटर हातात घेतला.  रेखा हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

मास्तरांनी कटर ड्रॉवरमध्ये ठेवला. शर्टाची नीट घडी घातली, ऑर्डरच्या गठ्ठ्यात न टाकता ती आपल्या पिशवीत ठेवली. मग नवीन कापलेलं कापड तिच्यापुढे सरकवलं.

"रेखाबाई, पुढचा घ्या."