बिनतेलाच्या केळ्याच्या करंज्या

सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि पाठोपाठ दिवाळी आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, तळलेलं तोंडात घालायचं नाही. माणूस गोडावर जीव टाकणारा. सणासुदीला त्यांनी नुसती भाजी-भाकरी चिवडत बसायची? मला बघवेना. तेवढ्यात नणंदेने एअर फ्रायर पाठवला, सोबत एक व्हिडिओ. त्यातली बाई लाडात येऊन सांगत होती, फळांचं सारण भरा, बटण दाबा, इतकं सोप्पं! डोंबलाचं सोप्पं!

गावातल्या होळी बाजारातून पिकलेली राजेळी केळी आणली. कुस्करून, ओलं खोबरं आणि जरासा गूळ घालून आटवली, करंज्या भरल्या. पहिल्या घाण्याला खालचा कागद आतल्या वाऱ्याने उडून तापलेल्या तारेला चिकटला आणि घरभर धूर. दुसऱ्या घाण्यात निम्म्या फुटल्या, बाकीच्या पांढऱ्याफटक. आजाऱ्याला असलं काही द्यायचं म्हणजे त्याचं दुखणं वाढवायचं.

त्यात सासूबाई पाठीमागे उभ्या. दर मिनिटाला फ्रायरचा खण ओढून आत डोकावायच्या.

"आई, उघडलं की बंद पडतं हो ते!"

"तळनाकडं पाठ करू नये," म्हणत पुन्हा ओढायच्या. मी करंज्यांना ब्रशने तुपाचं बोट लावत होते, तर ह्या मागून पळीने ओतत होत्या. वर एकच धोशा, "कढई ठेव. एक तरी घाना काढ."

माझं टाळकं सरकलं. "आई, तुम्हाला बाबा हवेत की नकोत?"

बोलले आणि जीभ चावली. पण त्या रागावल्या नाहीत. पळी खाली ठेवून म्हणाल्या, "हवेत म्हनूनच सांगते. दिवाळीला कढई कुठल्या घरात चढत नाय? जिथलं मानूस गेलेलं असतं तिथं. माझा मानूस बाहेर पेपर वाचत बसलाय."

भांडायचीसुद्धा सोय ठेवली नाही बाईने!

मी कढई गॅसवर आदळली. म्हटलं, शेजाऱ्यांना देण्यापुरत्या तळू, बाबांना त्यातला तुकडाही मिळणार नाही. सासूबाईंनी मान डोलावली आणि तळायला उभ्या राहिल्या. त्यांचे हात कढईत गुंतले म्हणून की काय, माझा तिसरा घाणा न फुटता बाहेर आला, थोडा तांबूससुद्धा.

तळणाचा वास सुटल्यावर बाबा स्वयंपाकघराच्या दारात हजर. मी माझ्या करंज्यांची बशी पुढे केली. त्यांनी एक चावली. "सारण झकास झालंय गं. पण वरचं आवरण म्हणजे खाकरा." मग तळलेल्या करंज्यांकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "त्यातली एक दे की. एकीने काय होतंय?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी ते ताट उचलून ओट्याच्या पार पलीकडे सरकवलं.

"गुपचूप खा ते," त्या म्हणाल्या. "मला पुढच्या दिवाळीला पन कढई चढवायचीय."

बाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग बशीतली दुसरी उचलली.