मार्चअखेरचा कोरडा बर्फ

दादाची शेवटची केमो फेब्रुवारीत झाली. परळच्या हॉस्पिटलातून आम्ही लालबागला घरी आलो आणि खुर्चीत टेकत तो मला म्हणाला, "मार्चअखेर चांगला बर्फ कुठे असेल, बघ ना."

गिरणी कामगाराचा हा मुलगा विशीत औलीला स्कीइंग शिकला होता. नंतर नोकरी सांभाळून दरवर्षी आठवडाभर जायचा. मी त्याची धाकटी बहीण, बर्फ फक्त त्याच्या फोटोंत पाहिलेला.

त्याच्या मनात औलीच होतं. पण फोन केला तर कळलं, मार्चअखेर तिथे ऊन लागतं, बर्फ ओला होतो. ओल्या बर्फात स्की रुतते आणि गुडघा पिरगळतो. त्याच्या पायांत तेवढी ताकद उरली नव्हती. गुलमर्गला उंचावर, उत्तरेकडच्या उतारांवर अजून पिठासारखा बर्फ होता. डॉक्टरांनी मात्र बजावलं, "फार उंच जायचं नाही. रक्त अजून कमी आहे."

आई कुळीथ निवडत होती. "बर्फात मरूक जातंस?" ती म्हणाली आणि स्वतःच्याच शब्दाला घाबरून पुन्हा कुळथात बोटं फिरवू लागली.

दादा घरात मालवणी क्वचितच बोलायचा. तिच्याशेजारी बसून म्हणाला, "आये, माका एकदा जावचा आसा."

शेवटी गुलमर्ग ठरलं, पण फक्त रोपवेच्या मधल्या टप्प्यापर्यंत. पहिले तीन दिवस नुसतं ऊन. सकाळी बर्फ दगडासारखा, दुपारी चिखल. दादा खिडकीशी बसून राहायचा. चौथ्या दिवशी उठलो तर बाहेर ताजा बर्फ पडलेला.

गोंडोलातून, म्हणजे रोपवेच्या पाळण्यातून, मधल्या टप्प्यावर उतरलो. त्याने वर शिखराकडे पाहिलं.

"तिथे आणखी मऊ असेल. जाऊ या?"

"नको, दादा."

त्याने वाद घातला नाही. प्रशिक्षकाच्या मागोमाग सावकाश वळणं घेत खाली गेला आणि अर्ध्यावर पडला. मी गुडघाभर बर्फातून धडपडत पोहोचले. तो रडत होता.

"दुखलं का रे?"

"नाही गं. किती महिन्यांनी पाय माझे वाटले."

आणखी दोनदा उतरला, मग स्वतःच पुरे म्हणाला.

गणपतीच्या आधी आजार उलटला. पुढचा हिवाळा त्याने पाहिला नाही. त्या दिवशी त्याला वर जाऊ दिलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. आणि चुकलं, असंही म्हणवत नाही.